तपासणीचा निकाल आणि पुढच्या खेपेचा निर्णय

गरोदर स्त्रीच्या तपासणीचा अहवाल हाती आला, त्यावर डॉक्टरांनी काय ते सांगितले आणि बाळंतपण यथाकाल पार पडले की सरकारदरबारी तो विषय संपतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत तपासण्या किती झाल्या याचा आकडा भरला जातो. तो तालुक्याला जातो, तालुक्याचा जिल्ह्याला जातो आणि जिल्ह्याचा मुंबईला. स्त्रीच्या आयुष्यात मात्र तो अहवाल तेथे संपत नाही. पुढच्या खेपेला ती तपासणीस जाईल की नाही, गेली तर सरकारी दवाखान्यात जाईल की खाजगी, आपल्या पायांनी जाईल की कोणी नेले म्हणून जाईल, आणि तेथे गेल्यावर डॉक्टरांना नेमके काय विचारले जाईल, हे बव्हंशी आधीच्या निकालानेच ठरलेले असते. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत हा प्रकार निरनिराळ्या रूपांत पाहावयास मिळतो. तापीकाठच्या बागायती गावात त्याचे रूप एक आहे, सातपुड्याच्या पाड्यात दुसरे आहे. दोन्हीकडे निर्णय स्त्रीच्या नावावर मांडला जातो आणि घेतात दुसरेच.

प्रथम बागायती गावाकडे पाहू. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ८८० होत्या. बीड जिल्ह्यानंतर राज्यात सर्वांत खाली जळगावचे नाव लागले. धुळ्याचा आकडा ९०७ वरून ८९८ वर आला. पूर्वी धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या आणि १९९८ साली वेगळ्या झालेल्या आदिवासीबहुल नंदुरबारात मात्र २०११ मध्येही ९४४ मुली होत्या. संबंध महाराष्ट्राचा आकडा १९९१ साली ९४६ होता. तो २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाला. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्मतात. तेव्हा गरीब आदिवासी जिल्हा निसर्गाच्या जवळ राहिला, आणि केळी, कापूस व सोने यांच्या व्यापारावर सधन झालेला जिल्हा त्यापासून शंभराहून अधिक मुलींनी दूर गेला, असा या आकड्यांचा अर्थ होतो. २०२१ची जनगणना झालीच नाही, हीही गोष्ट येथे नोंदवून ठेवली पाहिजे. ज्या जिल्ह्यावर बोट ठेवले गेले तेथे पुढे काय घडले हे सांगणारी मोजणीच शासनाने लांबणीवर टाकली आहे.

हे सरासरीचे आकडे खरे असले तरी त्यांत मूळ यंत्रणा दिसत नाही. ती पाहावयाची तर जन्माचा क्रम पाहावा लागतो. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ सालच्या एका देशव्यापी पाहणीतील अकरा लाख घरांच्या माहितीवरून २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जो लेख लिहिला तो या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे ७५९ मुली जन्मल्या होत्या. पहिल्या दोन्ही मुली असतील तर तिसऱ्या खेपेला ७१९. उलट ज्या घरांत आधी मुलगे झाले होते तेथे दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेला मुलींचे प्रमाण मुलग्यांच्या बरोबरीचे, किंबहुना किंचित अधिकच होते. म्हणजे घर तेच, गाव तेच, दवाखाना तोच, सासूबाईही त्याच. पाळण्यात आधी कोण निजले यावर पुढची तपासणी व्हावयाची की नाही हे ठरते. त्याच संशोधकांनी २०११ साली दाखविले की, पहिली मुलगी असताना दुसऱ्या खेपेचे हे प्रमाण १९९० मध्ये ९०६ होते ते २००५ मध्ये ८३६ वर घसरले. आणि ही घसरण शिकलेल्या व सुस्थितीतील घरांत अधिक होती. शिक्षण वाढले की प्रश्न आपोआप सुटतील असे मानणाऱ्या आपल्यातील अनेक भल्या कार्यकर्त्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

पहिल्या खेपेला पाळण्यात मुलगी आली, हाही एक निकालच आहे. तो कोणत्या प्रयोगशाळेच्या कागदावर नसतो. परंतु पुढच्या सर्व निकालांवर त्याचा शिक्का असतो. पहिल्या वेळी ‘पाहून घेऊ’ म्हणणारे घर दुसऱ्या वेळी तिसरा महिना लागण्याची वाट पाहत बसते. महाराष्ट्रात आता एका स्त्रीमागे सरासरी दोनहूनही कमी मुले आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा १.७ होता. कुटुंब लहान झाले ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि चार मुलांच्या घरात एक मुलगा होण्यास जेवढा अवसर होता तेवढा दोन मुलांच्या घरात उरत नाही, आणि मुलगा हवाच हा आग्रह तसाच राहिला असेल तर दुसऱ्या खेपेवर सारा भार येऊन पडतो. लहान कुटुंबाचा प्रचार जितक्या जोराने झाला तितक्या जोराने मुलीच्या वारसाहक्काचा झाला असता तर आज वेगळे चित्र दिसले असते.

कारण मुळाशी जमीन आहे. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाबरोबर जन्मतः वाटा दिला; देशाने तो २००५ साली दिला. कागदावर ही क्रांती होती. प्रत्यक्षात रावेर, यावल, चोपडा, शिरपूर कोठल्याही तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तासभर बसावे. बहिणींच्या हक्कसोडपत्रांचा व्यवहार किती सहज चालतो ते दिसेल. भाऊ गाडी करून आणतो, बहीण सही करते, घरी जाऊन जेवण होते, साडीचोळी होते. आणि जी मुलगी जमिनीचा वाटा सोडून देते तिच्याच लग्नासाठी बापाला कर्ज काढावे लागते. हुंडा आणि हक्कसोड हे एकाच व्यवहाराचे दोन टोक आहेत. अशा हिशेबात मुलगी हा खर्च आणि मुलगा ही ठेव ठरली तर तपासणीचे यंत्र त्या हिशेबाचे केवळ हत्यार बनते. ऐंशीच्या दशकात आज काही शे रुपये खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा अशा अर्थाच्या जाहिराती उघड होत असत. त्या जाहिराती लिहिणाऱ्यांना समाजाचे अर्थशास्त्र पुष्कळ पुढाऱ्यांपेक्षा चांगले कळत होते असे म्हणावे लागते.

या यंत्राचा इतिहासही थोडक्यात आठवला पाहिजे. गर्भजलपरीक्षा आपल्या देशात सत्तरीच्या दशकात आली ती आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी. तिचा उपयोग मुली पाडण्यासाठी होऊ लागताच सरकारने सरकारी रुग्णालयांत त्या कामी तिला बंदी केली आणि खाजगी दवाखाने मोकळे सोडले. सार्वजनिक क्षेत्रात बंदी आणि खाजगी क्षेत्रात मुभा, याचा परिणाम सर्वत्र जो होतो तोच येथे झाला: धंदा वाढला. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली तेव्हा त्यांतले बेचाळीस जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. स्त्रीसंघटना, विज्ञान चळवळीतील कार्यकर्ते आणि काही डॉक्टर यांनी एकत्र येऊन जो लढा दिला त्यातून १९८८ साली महाराष्ट्राचा कायदा झाला. देशातला तो पहिला. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत झाला व १९९६ पासून लागू झाला. तोवर सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावी पोहोचले होते. कायदा कागदावरच पडून राहिला म्हणून ‘सेहत’ व ‘मासूम’ या महाराष्ट्रातील संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना २००० साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर २००३ साली कायदा दुरुस्त होऊन अधिक कडक झाला.

या कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सोनोग्राफी करताना डॉक्टरांना जो ‘एफ’ नमुना भरावा लागतो त्यात स्त्रीला हयात मुलगे किती, मुली किती आणि त्यांची वये काय, हे लिहावे लागते. तपासणीचे कारण लिहावे लागते. गर्भ किती आठवड्यांचा आहे तेही. हे नमुने दर महिन्याला समुचित प्राधिकाऱ्याकडे जातात. जिल्ह्यात हा प्राधिकारी म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक, शहरात महानगरपालिकेचा आरोग्याधिकारी. म्हणजे आधीच्या निकालाचा पुढच्या तपासणीवर काय परिणाम होतो हे दाखविणारी सामग्री जळगावच्या आणि धुळ्याच्या सरकारी कपाटांत वर्षानुवर्षे साठत आली आहे. एखाद्या केंद्रावर दोन मुली असलेल्या स्त्रिया चौथ्या महिन्यात इतर केंद्रांपेक्षा तिपटीने येत असतील, आणि त्यांतल्या पुष्कळशा प्रसूतीच्या नोंदीत पुढे दिसत नसतील, तर त्या केंद्रावर छापा घालण्यास आणखी कोणता पुरावा हवा? ज्यांना कायदा राबवायचा आहे त्यांच्या हाती ही किल्ली आहे. तिचा उपयोग होत नाही, कारण नमुन्यातील एखादा रकाना कोरा राहिला म्हणून यंत्र मोहोरबंद करणे सोपे असते आणि आकड्यांचा अर्थ लावणे कष्टाचे असते. शिवाय अर्थ लागला तर तो बहुधा गावातल्या प्रतिष्ठितांच्या दारापर्यंत जाऊन पोहोचतो.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. यंत्रांची झडती घेणे वेगळे आणि स्त्रियांच्या मागे पाळत लावणे वेगळे. एक-दोन मुली असलेल्या गरोदर स्त्रियांची यादी करा, त्यांच्या घरी माणूस पाठवा, गर्भ राहिला की तो पुढे काय झाला हे विचारा, असल्या कल्पना मधूनमधून उत्साही अधिकाऱ्यांच्या डोक्यात येतात आणि आपल्यातल्या काहींना त्या क्रांतिकारक वाटतात. त्या तशा नाहीत. मुलगी पाडण्यास ज्या बाईवर घरातून जबरदस्ती होते तिलाच सरकारच्या चौकशीसमोर उभे करणे हा न्याय नव्हे. १९९४च्या कायद्याने अशा स्त्रीला पतीने व नातेवाइकांनी भाग पाडले असे गृहीत धरले आहे, ते योग्यच आहे. शिवाय गर्भपात हा १९७१च्या कायद्याने मान्य केलेला वैद्यकीय उपचार आहे. लिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमा जोरात आल्या की औषधविक्रेते गर्भपाताच्या गोळ्या ठेवणे बंद करतात, डॉक्टर दुसऱ्या तिमाहीतील बाईला दारातूनच परत पाठवितात, आणि ज्या बाईला खरोखर गर्भपाताची गरज आहे ती भोंदू माणसाच्या हाती सापडते. लिंगनिदान करविणारे सधन कुटुंब मात्र रावेरहून बऱ्हाणपूरला किंवा शिरपूरहून सेंधव्याला गाडी करून जाते. राज्याची हद्द त्यांना आडवी येत नाही.

आता सातपुड्याकडे वळू. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या उत्तरेकडील पट्ट्यात आणि शिरपूर, साक्री या भागांत पावरा, भिल्ल, तडवी, कोकणा या समाजांची वस्ती आहे. येथे मुलगी झाली म्हणून दुसऱ्या खेपेला तपासणीस धावण्याची चाल नव्हती. लग्नात मुलीच्या बापाला देज मिळत असे, हुंडा द्यावा लागत नसे. येथील प्रश्न सिकलसेल या रक्तदोषाचा आहे. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लहान वाहिन्यांत अडकतात, सांधे-हाडे असह्य दुखतात, रक्त कमी होते, आणि योग्य उपचार न मिळाल्यास रोगी अल्पवयात दगावतो. भारतात हा दोष १९५२ साली प्रथम निलगिरीतील आदिवासींत ओळखला गेला. मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात तो सर्वत्र आहे. ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला तो वाहक; तो सामान्यतः निरोगी असतो. दोघांकडून मिळाला तर मूल रोगग्रस्त होते. पतिपत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगग्रस्त होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा दोनांत एक आणि सर्वस्वी निर्दोष होण्याचा चारांत एक असतो.

‘प्रत्येक गरोदरपणात’ हे दोन शब्द फार मोलाचे आहेत आणि नेमके तेच समजावून सांगितले जात नाहीत. पहिले मूल आजारी निघाले की घरची मंडळी म्हणतात, चारांतले एक होऊन गेले, आता तीन चांगली होतील. पहिले मूल निरोगी निघाले की म्हणतात, तपासणीवाले उगाच भिववतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. चिठ्ठ्या दर वेळी नव्याने टाकल्या जातात. मागच्या सोडतीशी पुढचीचा संबंध नसतो. परंतु पुढच्या खेपेला तपासणीस जावयाचे की नाही हे या चुकीच्या समजुतीवर ठरते. शाळेत गणित शिकविणाऱ्या माणसाला हे पाच मिनिटांत सांगता येईल. दोन मडकी आणि चार दाणे एवढे सामान त्यास पुरे. मात्र ते पावरी वा भिलोरी बोलीत सांगावे लागेल, आणि बाईच्या एकटीच्या नव्हे तर नवऱ्याच्याही समोर सांगावे लागेल.

प्रत्यक्षात घडते ते असे. गरोदर बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. दर महिन्याच्या ९ तारखेला तेथे गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस असतो. २०१६ पासून ही योजना चालू आहे. तिच्या रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते, दोष दिसला तर नमुना इलेक्ट्रोफोरेसिससाठी पुढे जातो. अहवाल परत येईपर्यंत दिवस जातात. ती वाहक निघाली तर नवऱ्याचे रक्त तपासावे लागते. पण नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत मजुरीला गेलेला असतो, आणि बहुधा तीही त्याच्याबरोबर जाते. दोघे वाहक असल्याचे वेळेवर कळले तरच गर्भाची तपासणी करता येते: दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून. ही तपासणी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत होते. धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर आहे आणि पाड्याहून धुळ्यास यावयाचे म्हणजेच एक दिवस मोडतो. ज्या बाईची मजुरी दिवसाच्या भाकरीला पुरते तिला हा प्रवास ‘उपलब्ध’ आहे असे सांगणे ही शुद्ध थट्टा आहे. तेव्हा तिच्या हाती काय उरते? ‘तुझ्या रक्तात दोष आहे’ हे एक वाक्य. उपाय नाही, निवड नाही, फक्त ठपका.

आणि ठपका तिच्यावरच, कारण रक्त तिचे आधी काढले. गरोदर असते म्हणून तपासणी तिची होते. नवऱ्याचा दोष तेवढाच असतो, पण त्याच्या नावाचा कागद निघालेला नसतो. एच. आय. व्ही.च्या तपासणीतही हेच घडत आले: प्रसूतिपूर्व तपासणीत घरातला पहिला कागद बाईचा निघे आणि ज्याने रोग आणला तो घरात बसून तिला जाब विचारी. अशा घरात पुढच्या खेपेला ती बाई काय करील? आशाताई दारात आली तर आतल्या अंगाला जाईल. माहेरी जाऊन बाळंत होईल आणि तेथे आधीचा अहवाल सांगणार नाही. नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘तपासणीस नकार’ असा शेरा पडेल, आणि वरचे अधिकारी आदिवासी अज्ञानी आहेत, अंधश्रद्ध आहेत असा निष्कर्ष काढून मोकळे होतील. वस्तुतः तिने अनुभवातून काढलेला निष्कर्ष पूर्णपणे तर्कशुद्ध आहे. ज्या माहितीने नुकसान तेवढे झाले आणि लाभ काहीच झाला नाही, ती माहिती पुन्हा कोण विकत घेईल?

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत हा रोग नाहीसा करावयाचा, असा तिचा संकल्प आहे. तपासणी व्हावी यात दुमत नाही. परंतु सात कोटींचा आकडा पुरा करण्याच्या घाईत अहवाल हातात ठेवून पुढच्या घराकडे वळणे हेच काम झाले, तर आज पेरलेल्या भीतीचे पीक पुढच्या गरोदरपणात निघेल. आशाताईंना ठरावीक पगार नाही. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो आणि तो वाढवून मिळावा म्हणून त्यांना २०२३ व २०२४ मध्ये संपावर जावे लागले. मोबदला मोजता येण्याजोग्या कामाचा असतो. एका घाबरलेल्या जोडप्याजवळ दोन तास बसून चारांत एक म्हणजे काय हे समजावून सांगणे हे काम मोजता येत नाही, म्हणून ते होत नाही. समुपदेशकांच्या ज्या जागा आहेत त्यांतल्या पुष्कळशा कंत्राटी आहेत. आज आहे, उद्या नाही अशा माणसाला कोणती बाई आपल्या घरचे सांगेल?

शहरी मध्यमवर्गातही याच प्रश्नाचे एक लहानसे रूप आहे, त्याचा उल्लेख करून पुढे जाऊ. जळगाव-धुळ्याच्या खाजगी दवाखान्यांत ‘मार्कर’ नावाच्या रक्तचाचण्या आता सर्रास सांगितल्या जातात. त्यांनी गर्भाला डाउन सिंड्रोम आहे की नाही हे कळत नाही. संभव किती हे कळते. या चाचण्यांची चाळणी अशी आहे की हजार निरोगी बायकांतील सुमारे पन्नास जणींना ‘धोका’ असा निकाल मिळतो, आणि हजारांत असे मूल असते ते एखाद-दुसरेच. म्हणजे भीतीचा कागद घेऊन घरी गेलेल्या पन्नासांतील अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास जणींची भीती व्यर्थ असते. ज्यांना हे आधी सांगितले जात नाही त्यांतल्या काही जणी पुढच्या वेळी कोणतीच चाचणी नको म्हणतात. परदेशांतील अभ्यासांतही असे आढळले आहे. दुसऱ्या काही जणी उलट हजारो रुपयांच्या नव्या रक्तचाचणीकडे थेट धावतात, जिच्यात गर्भाचे लिंगही कळू शकते. बाजाराला दोन्हीचे दुःख नाही. सरकारी रुग्णालयात समजावून सांगणारा माणूस नसणे हीच त्याची जाहिरात.

मग करावयाचे काय? धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे, जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ साली निघाले. गर्भातील सिकलसेलची तपासणी या दोन ठिकाणी का होऊ नये, हा प्रश्न दोन्ही जिल्ह्यांतील लोकप्रतिनिधींना जाहीर सभेत विचारला पाहिजे. ती होईपर्यंत मुंबईचा प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी दोघांचीही सरकारने द्यावी. २०२१च्या दुरुस्तीने काही विशिष्ट परिस्थितींत गर्भपाताची मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत गेली आहे. परंतु अहवालच विसाव्या आठवड्यात पाड्यावर पोहोचत असेल तर मर्यादा वाढवून उपयोग नाही. आणि ज्या बाईला अहवाल पाहूनही मूल हवे आहे तिला ते ठेवण्याचा हक्क तेवढाच आहे. सिकलसेलग्रस्तांना २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे संरक्षण मिळाले आहे. त्या मुलाला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या गावाजवळ मिळतील, रक्त लागले तर मिळेल, आश्रमशाळेत त्याची आबाळ होणार नाही, याची हमी नसेल तर तिच्या निवडीला अर्थ राहत नाही. ज्या समाजात आजारी मुलाचा भार एकट्या आईवर पडतो तेथे तपासणीचा निकाल हा निकाल राहत नाही, तो हुकूम होतो.

तिकडे बागायती पट्ट्यात कायद्याने जिल्हा सल्लागार समिती नेमलेली असते आणि तीत तीन समाजकार्यकर्ते, त्यांत निदान एक स्त्रीसंघटनेची प्रतिनिधी, असावे लागतात. त्या जागांवर कोण बसले आहे, बैठका कधी झाल्या, ‘एफ’ नमुन्यांचे जन्मक्रमानुसार विश्लेषण मागितले गेले का, हे माहितीच्या अधिकारात विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाही. स्त्रियांची नावे वगळून केवळ केंद्रनिहाय आकडे मागावेत. जळगाव २०१५ साली ‘बेटी बचाओ’ योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत होता. तेव्हा फलक पुष्कळ लागले. राज्याच्या ‘लेक लाडकी’ योजनेत २०२३ पासून गरीब घरातील मुलीला अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळावयाचे आहेत. ती मदत त्या घराला हवीच आहे. परंतु ज्या सधन घरांत दुसरी मुलगी जन्माला येत नाही ती घरे या योजनेच्या कक्षेत नाहीत, आणि लाख रुपयांनी त्यांचा हिशेब बदलणारही नाही. तेथे प्रश्न केळीच्या बागेतील वाट्याचा आहे. आपल्या चळवळीतील किती कार्यकर्त्यांनी बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतलेले नाही, हा प्रश्न शिबिरात विचारून पाहावा. शांतता बरीच वेळ टिकेल.

खानदेशात स्त्रिया संघटित होत नाहीत असे म्हणण्यास इतिहासाचा आधार नाही. शहादा तालुका धुळे जिल्ह्यात होता तेव्हा, १९७२-७३च्या सुमारास, तेथील भिल्ल स्त्रियांनी दारूची मडकी फोडीत गावोगाव मोर्चे काढले. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी चारचौघांत उभे केले. त्यांना कोणी समुपदेशन केले नव्हते. त्या एकत्र बसल्या, बोलल्या आणि घरातली गोष्ट त्यांनी चावडीवर आणली. तपासणीचा निकालही घरातलीच गोष्ट समजली जाते, आणि तो घरात कोंडला गेला आहे तोवर सासरच्या माणसांचा त्यावर ताबा राहणार.

कामाला कोणता काळ निवडावा हेही महत्त्वाचे. पाड्यांवरील मंडळी स्थलांतरातून परत येतात ती होळीच्या सुमारास, भोंगऱ्याच्या बाजाराला. नवरा-बायको दोघे गावात असतात तो हाच काळ. सिकलसेलची जोडप्यांची तपासणी तेव्हा झाली पाहिजे, बाई गरोदर राहण्याची वाट पाहून नव्हे. आणि बागायती गावांत आखाजीला लेकी माहेरी येतात. झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, सासरी जे बोलता येत नाही ते आईजवळ आणि मैत्रिणींजवळ बोलले जाते. हजारांमागे ८४२ मुली असलेल्या या जिल्ह्याचा सर्वांत मोठा सण लेक घरी येण्याचा आहे. पक्षाच्या महिला कार्यकर्त्यांनी त्या आठवड्यात निदान दहा-दहा गावी जावे, फलक न लावता, भाषण न करता. झोक्याशेजारी बसून गेल्या खेपेला दवाखान्यात काय सांगितले आणि घरी आल्यावर काय झाले एवढेच विचारावे, आणि जे कळेल ते नावांशिवाय लिहून जिल्हा समितीकडे पाठवावे. पुढची आखाजी वैशाखात आहे. गावांची वाटणी माघातच करून ठेवली पाहिजे.